सांधा आधी बघ

तुझा प्रश्न आधी थोडक्यात सांगते, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तू मिरजेची. घरात तीन पिढ्या तंबोरे बनवण्याचं काम. कोल्हापूरला चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला आहेस आणि कॅनव्हासवर भोपळ्याचे तुकडे, तुटलेल्या तारा, दुकानाची जुनी बिलं असं लावून काम करतेस. घरचे म्हणतात, रंगवायला शिकलीस तर हा कचरा कशाला चिकटवतेस? आणि तू मला विचारलंस, ताई, तुम्ही मिश्रमाध्यमाकडे, म्हणजे रंगाबरोबर खऱ्या वस्तू जोडून केलेल्या चित्रांकडे, कशा आलात, साहित्य कसं निवडता, हे टिकतं का, आणि यावर पोट भरतं का?

पोटाचं आधी सांगते, कारण तो प्रश्न मनात असला की बाकीचं काही कानात शिरत नाही. माझं पोट चित्रांवर भरायला लागलं तेव्हा मी ४४ वर्षांची होते. १९८८ साली जी.डी. आर्ट, म्हणजे चित्रकलेची पदविका, झाले. नंतर नऊ वर्षं मुंबईत साड्यांच्या डिझाइनचे ग्राफ भरले, मग बारा वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांसाठी मुलांची तयारी करून घेतली. चित्रं रात्री आणि सुट्टीत. पहिलं काम १९९८ मध्ये ४,५०० रुपयांना गेलं, त्यातले तीन हजार प्लाय, चौकट आणि टेंपोत गेले होते. आजही माझ्या कमाईतला निम्मा भागच विक्रीतून येतो. बाकी भिंतीवरची मोठी कामं आणि कार्यशाळा. गॅलरी विक्रीतला साधारण तिसरा हिस्सा ते निम्मा ठेवते, हे किंमत ठरवतानाच धरायचं. आपल्या कामाला साहित्य, वजन आणि वाहतूक यांचा खर्च जलरंगवाल्याच्या कितीतरी पट असतो. तेव्हा नोकरी धर. नोकरी धरली म्हणजे चित्र सोडलं, असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. माझी सगळ्यात निर्भय कामं शाळेत शिकवत असताना झाली, कारण ती विकली जावीत अशी गरज नव्हती.

आता मी इकडे कशी आले.

मी इचलकरंजीची. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग बसवला आणि पुढे गावाचा श्वासच माग झाला. माझे वडील जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारे. शेडमध्ये बोललेलं ऐकू येत नाही, सगळं हाताच्या खुणांनी चालतं. सुट्टीत मी डबा घेऊन जायची आणि वडिलांचा हात बघत उभी राहायची. तार, म्हणजे मागावरचा उभा धागा, तुटली की माग थांबतो. तुटलेल्या तारेला नवं सूत गाठीनं जोडायचं असतं, आणि ती गाठ एवढी बारीक हवी की फणीच्या, म्हणजे धागे वेगळे ठेवणाऱ्या कंगव्याच्या, घरातून अडकल्याशिवाय सरकेल. मोठी मारली तर शेजारच्या दोन तारा तोडते. सैल मारली तर ताण आला की सुटते. वडील ती गाठ न बघता मारायचे, अंगठा आणि दोन बोटं, एका क्षणात. मला म्हणाले होते, कापड विणायला माग आहे, माणूस लागतो तो जोडायला.

हे वाक्य तेव्हा माझ्या डोक्यावरून गेलं. कॉलेजात स्थिरचित्र, व्यक्तिचित्र, रचनाचित्र सगळं केलं, मार्कही बरे मिळाले. पण मुंबईत ग्राफ भरताना एक गोष्ट मला छळायला लागली. मी दिवसभर ज्या कापडाचं चित्र काढत होते, त्याच्या अंगाला हात लागत नव्हता. एका दिवाळीला घरी गेले, शेडमधून सुताचा गुंता, दोन मोडके धोटे (आडवं सूत इकडून तिकडे नेणारं लाकडी हत्यार) आणि खळीचं कडक झालेलं मांजरपाट घेऊन आले आणि पहिल्यांदा ते बोर्डावर लावलं. ते काम वाईट होतं. पण मी ते पुसू शकले नाही, कारण त्यात पुसण्यासारखं काही नव्हतं, काढायचं तर उसवावंच लागलं असतं. रंगाच्या चित्रात मला असा प्रतिकार कधी जाणवला नव्हता.

तीस-पस्तीस वर्षांनी मला मिश्रमाध्यमाबद्दल एकच गोष्ट खात्रीनं सांगता येते. चित्र सांध्यात असतं. भोपळा लावला, तार लावली, कागद लावला, हे सगळं साहित्याचं बोलणं झालं. भोपळा आणि तार एकमेकांना कुठे, कशानं आणि किती धरून आहेत, हे बघणाऱ्याच्या अंगाला कळतं, डोळ्याच्याही आधी. गोंद, टाका, खिळा, दोरी, वजन, नुसता स्पर्श, यातला प्रत्येक सांधा वेगळं बोलतो. मी कुणाचंही काम बघते तेव्हा आधी तो शोधते. तूही शोध. इतिहाससुद्धा असा वाचला की वेगळा दिसतो.

पिकासोनं १९१२ साली खुर्चीच्या वेताच्या विणीचं छापील मेणकापड चित्रात चिकटवलं, तिथून कोलाजचा इतिहास सुरू होतो असं आपल्याला शिकवतात. मला त्या चित्रातलं मेणकापड फारसं धरत नाही. लंबगोल चित्राभोवती त्यानं खरी दोरी गुंडाळली आहे, ती धरते. मेणकापडावरचा वेत खोटा, त्यावर रंगवलेल्या वस्तू खोट्या, आणि हे सगळं एकत्र बांधून ठेवणारी दोरी मात्र खरी. त्याच वर्षी त्याचा चित्रकार मित्र ब्राक यानं लाकडाचा भास देणारा भिंतीचा कागद कापून चित्रात लावला. तिथे सांधा म्हणजे गोंद, सपाट, न दिसणारा. एकाच वर्षात दोन मित्रांचे दोन स्वभाव.

आल्बेर्तो बुर्री हा इटालियन डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धात पकडला गेला, अमेरिकेत टेक्सासच्या छावणीत कैदी म्हणून राहिला आणि तिथेच चित्रं काढायला लागला. परत गेल्यावर डॉक्टरी सोडली आणि फाटकी गोणपाटं शिवून चित्रं केली. लोक लगेच जखम, टाके, शस्त्रक्रिया असा अर्थ लावतात. लावू देत. मी पहिल्यांदा त्याच्या कामाची छपाई बघितली तेव्हा मला गोणपाट ओळखीचं वाटलं, आमच्या गल्लीत दारादारात अंथरलेलं असायचं. पण मी थांबले ती शिवणीपाशी. टाका जिथे फाटलं तिथेच मारावा लागतो, हव्या त्या जागी मारता येत नाही. म्हणजे रचना निम्मी फाटण्यानंच ठरवलेली. हे मान्य करायला चित्रकाराला मोठं मन लागतं.

आपल्याकडचे सोमनाथ होर मला या सगळ्यांत सर्वांत जवळचे. चितगावचा माणूस, १९४३ चा बंगालचा दुष्काळ डोळ्यांनी पाहिलेला. १९७० च्या दशकात त्यांनी ‘जखमा’ या मालिकेत कागदाच्या लगद्याची मुद्राचित्रं, म्हणजे साच्यावरून उमटवलेली चित्रं, केली. मेणाच्या किंवा मातीच्या सपाट थरावर चिरा आणि भोकं पाडायची, त्याचा सिमेंटचा साचा घ्यायचा आणि त्यात ओला लगदा दाबायचा. पांढऱ्यावर पांढरं. तिथे सांधाच नाही. जखम आणि अंग एकाच पदार्थाचं. जोडायला काही वेगळं नसणं ही त्या कामातली सगळ्यात कठीण गोष्ट आहे, आणि म्हणूनच ते बघताना बोट आपोआप पुढे जातं. उलट जेराम पटेल यांनी प्लायवूड ब्लोटॉर्चनं जाळून कामं केली, तिथे काही जोडलंच नाही, नुसतं उणं केलं. विवान सुंदरम यांनी १९९१ च्या आखाती युद्धाच्या सुमारास कोळसा आणि इंजिन ऑइल कागदावर वापरलं. तेल कागदात पसरत जातं, त्यामुळे तो सांधा चित्रकाराच्या हातातून पुढे गेलेला असतो. या तिघांची कामं शेजारी ठेवून बघ. साहित्याची यादी केलीस तर काहीच हाती लागणार नाही.

प्रभाकर बरवे यांचं नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. कोकणातल्या नागावचे, मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत शिकलेले. १९६० च्या दशकात ते बनारसला विणकर सेवा केंद्रात होते. विणकरांमध्ये वावरलेला चित्रकार म्हणून मला त्यांच्याबद्दल आतून आपलेपणा वाटतो. त्यांनी घराच्या दाराला लावतात तो इनॅमल रंग कॅनव्हासवर वापरला. पान, घड्याळ, चावी, शंख, अशा वस्तू मोकळ्या अवकाशात ठेवलेल्या, आणि त्यांच्यामध्ये रिकामी जागा. ती जागा हाच त्यांचा सांधा. गोंद न लावता दोन वस्तू एकमेकींना धरून ठेवतात, हे मी त्यांच्याकडून शिकले. हल्ली मी माझ्या कामातून निम्म्या वस्तू काढून टाकते, त्याचं मूळ तिथे आहे.

आणि एक गोष्ट तुला मुद्दाम सांगते, कारण ती आपल्या घरातली आहे. अमेरिकन चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्ग १९७५ मध्ये अहमदाबादला आला होता. साबरमती आश्रमाच्या हातकागदाच्या कारखान्यात त्यानं कामं केली. त्यासाठी चिखलाचा एक लगदा वापरला. त्यात कागदाचा लगदा, मेथीची पूड, चिंचोक्याची पूड, खडूची पूड, डिंक आणि मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, होतं. ही यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा थरारले. चिंचोक्याची खळ! धनगर घोंगड्याला देतात ती. सुताला खळ देतात हे तर माझ्या नाकाला लहानपणापासून माहीत, साईझिंगच्या शेडजवळून गेलं की तो वास यायचाच. जगातला नामवंत चित्रकार त्या पदार्थाशी येऊन थांबला, आणि मी तोवर फेव्हिकॉलचे डबे आणत होते. पुढच्याच महिन्यात चिंचोके भाजले, सालं काढली, दळून आणले आणि शिजवून बघितले. आज माझ्या निम्म्या कामांत कापड कापडाला चिंचोक्याच्या खळीनं धरलेलं आहे. ती वाळली की कापडाला एक खणखणीतपणा येतो, बोटानं टिचकी मारली तर आवाज येतो.

साहित्य कसं निवडते, याचं उत्तर यातच आहे थोडं. माझा एक नियम आहे. ज्या वस्तूचं आधीचं काम मला माहीत नाही ती मी घेत नाही. जुन्या बाजारात सुंदर गंजलेल्या, झिजलेल्या वस्तू खूप मिळतात. सुरुवातीला मीही आणल्या. त्या बोर्डावर बसून राहायच्या, पाहुण्यासारख्या. वस्तू आणली की मी ती वर्षभर फळीवर ठेवते. वर्षानंतरही तिच्याकडे हात गेला तर वापरते.

हा नियम मला एका म्हाताऱ्या मागवाल्यानं दिला. १९९९ मध्ये मी धोट्यांची एक मालिका केली होती. मागवाल्यांचं आयुष्य, बंद पडणारे माग, असं सगळं माझ्या मनात होतं आणि ते खरंही होतं. इचलकरंजीत एका सभागृहात ती कामं लावली. आयुष्यभर माग चालवलेले एक आजोबा आले, वडिलांच्या ओळखीचे. एका चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, पोचलं. ते वळून म्हणाले, “पोरी, ह्यो धोटा उलटा का लावलाय?” मी धोट्याची झिजलेली बाजू सुंदर दिसते म्हणून ती वर केली होती. सूत जिथून बाहेर येतं ते डोळ्याचं टोक भलतीकडे गेलं होतं. त्यांना त्या चित्रात पुढे काही दिसूच शकत नव्हतं, कारण तो धोटा चालणार नव्हता. मी त्यांच्या दुःखाबद्दल चित्र काढलं होतं आणि त्यांच्या हातातलं हत्यार मला धड धरता आलं नव्हतं. ती मालिका मी उतरवली, सगळी उसवली. तेव्हापासून वस्तूचं काम ठाऊक झाल्याशिवाय तिला चित्रात आणत नाही. ठाऊक झाल्यावर ती उलटी लावायची असेल तर जाणूनबुजून लावते, आणि मग ते उलटेपण बोलतं.

टिकण्याचं मात्र सविस्तर सांगते, कारण हे कॉलेजात मला कुणी शिकवलं नाही आणि तुलाही बहुधा शिकवत नसतील.

पहिली गोष्ट पाया. ताणलेला कॅनव्हास ढोलाच्या कातड्यासारखा हलतो. पावसाळ्यात सैल, उन्हाळ्यात ताठ. त्यावर कडक, जड वस्तू लावली की वस्तू हलत नाही, कापड हलतं, आणि सांधा तुटतो. कडक वस्तूंसाठी १२ मिलिमीटरचा चांगला प्लाय घे, मागे सागाची चौकट, आणि प्लायच्या सहाही बाजूंना रंग किंवा सीलर. एक बाजू उघडी ठेवलीस तर तिथून दमट हवा पिऊन तो वाकतो. कॅनव्हासच हवा असेल तर तो प्लायवर चिकटवून घे.

रंगाचा क्रम : अ‍ॅक्रिलिकवर तैलरंग चालतो, तैलरंगावर अ‍ॅक्रिलिक धरत नाही, पापुद्र्यासारखं निघून येतं. डांबरापासून लांब राहा, कितीही मोह झाला तरी. ते कधी पुरतं वाळत नाही. फ्रान्समध्ये जेरिको या चित्रकारानं १८१८-१९ मध्ये ‘मेडुसाचा तराफा’ या प्रचंड चित्रात डांबरी तपकिरी रंग वापरला, आणि ते चित्र काळवंडत गेलं आहे. दोनशे वर्षांत कुणाला ते थांबवता आलेलं नाही.

वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या भरड लगद्याचा असतो, त्यातला लिग्निन उजेडात पिवळा, मग तपकिरी होतो. १९१२ च्या त्या सुरुवातीच्या कोलाजांतली वर्तमानपत्रं आज तपकिरी झालेली आहेत. तुला तो पिवळेपणा हवा असेल तर वापर. नको असेल तर मजकुराची चांगल्या कागदावर झेरॉक्स काढून ती लाव. तुझ्या दुकानाच्या बिलांचंही तेच. बॉलपेनची शाई उजेडात उडते. शिवाय ती बिलं तुमच्या घराचा दस्तऐवज आहेत, मूळ प्रत चित्रात घालवू नकोस.

खळ : मैद्याची खळ कागदाला उत्तम, पण कसर आणि झुरळं तिच्यावर तुटून पडतात. बाइंडिंगवाले त्यात मोरचूद घालतात, मीही घालायची. कीड लागली नाही, पण आठ-दहा वर्षांनी तेवढ्याच जागी कागद तपकिरी आणि ठिसूळ झाला. तांबं कागदाला आतून खातं. आता मी मोरचूद टाकत नाही, खळ पातळ ठेवते आणि काम हवेशीर भिंतीवर, भिंतीपासून अंगठाभर सुटं टांगते. फेव्हिकॉल वाईट नाही, पण एकदा वाळला की सोडवता येत नाही. ज्या सांध्याची पुढे दुरुस्ती लागू शकते तिथे तो टाळ.

लोखंडाबद्दल माझी चूक सांगते. २००३ मध्ये मी मागाचे गंजके भाग ओल्या मांजरपाटावर आठवडाभर ठेवून गंजाचे ठसे घेतले. नारिंगी, तपकिरी, कडांना जांभळट, फार देखणे ठसे. एक काम विकलं गेलं. सहा वर्षांनी घेणाऱ्यांनी ते परत पाठवलं. ठशाच्या जागी कापड कागदासारखं फाटत होतं. गंज तिथेच थांबलेला नसतो, तो हवेतल्या दमटपणाबरोबर सुतावर काम करत राहतो. मी पैसे परत केले. ते करताना हात जड झाला, कारण त्या महिन्यात शाळेचा पगारही उशिरा आला होता. पण त्या परत आलेल्या कामानं मला हिरड्यापर्यंत नेलं. हिरड्याच्या कषायानं, म्हणजे तुरट अर्कानं, लोखंड काळं होतं, ही आपल्या रंगाऱ्यांची जुनी विद्या. गंजाच्या ठशावर हिरड्याचं पाणी दिलं की नारिंगी जाऊन निळसर काळा येतो आणि गंजाची वाढ मंदावते. सूत वाचतंच असं नाही, लोखंड आणि कषायाची जुनी शाईसुद्धा कागद खाते. म्हणून आता ठशाच्या मागे दुसरं कापड आधाराला देते. काळा रंग मला नको होता. पण तो आला आणि माझ्या पुढच्या दहा वर्षांच्या कामाचा रंग झाला.

जर्मन चित्रकार कुर्त श्विटर्सची गोष्ट मी कार्यशाळेत नेहमी सांगते. पहिल्या महायुद्धानंतरच्या हानोव्हरमध्ये ट्रामची तिकिटं, पाकिटं, फळकुटं असं रस्त्यावरचं गोळा करून तो चित्रं करायचा. एका कापलेल्या कागदावर ‘कोमेर्त्स’ (व्यापार) या शब्दातला ‘मेर्त्स’ एवढाच तुकडा उरला होता, तेच त्यानं आपल्या कलेचं नाव ठेवलं. नाझींमुळे देश सोडला. घराच्या आत वर्षानुवर्षं बांधत आणलेली त्याची रचना १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात गेली. ब्रिटिशांनी त्याला शत्रुदेशाचा माणूस म्हणून आइल ऑफ मॅन बेटावरच्या छावणीत ठेवलं, तिथे साहित्य नाही म्हणून त्यानं नाश्त्याच्या ओटच्या लापशीची शिल्पं केली. त्यांना बुरशी आली. टिकणारच नाहीत हे त्यालाही दिसत असणार, तरी केली. टिकाऊपणावर एवढं बोलून मी हे का सांगते? कारण नष्ट होणारं काम करायला माझी ना नाही. ते नष्ट होणार हे तुला ठाऊक हवं, आणि घेणाऱ्याला सांगितलेलं हवं. मी प्रत्येक कामाच्या पाठीवर लिहून ठेवते : कोणतं कापड, कोणती खळ, कोणता धातू, कोणत्या महिन्यात केलं, काय सुटण्याची शक्यता आहे. पुढे कुणी दुरुस्त करायला बसलं तर त्याला अंदाज बांधावा लागू नये.

‘हे चित्र आहे का’ हा प्रश्न तुला घरच्यांइतकाच बाहेरचेही विचारतील. एका स्पर्धेच्या अर्जावर चार चौकोन होते : तैलरंग, जलरंग, मुद्राचित्रण, शिल्प. मी पाचवा चौकोन हातानं काढून त्यात मिश्रमाध्यम लिहिलं. अर्ज परत आला. मला रडू आलं होतं. दोन वर्षांनी त्याच कामावर दुसरीकडे बक्षीस मिळालं, पण ते बक्षीस आज मला आठवावं लागतं आणि हातानं काढलेला चौकोन आपोआप आठवतो. घरच्यांशी भांडू नकोस. वडिलांना कामाच्या जागी बसव आणि काम करताना बघू दे. माझ्या वडिलांनी माझं एकही प्रदर्शन धड बघितलं नाही, गर्दीत त्यांना अवघडायचं. पण एकदा माझ्या खोलीत येऊन बसले आणि सुताचा एक सांधा बोटानं चाचपून म्हणाले, ही गाठ फणीत अडकेल. मी ती त्यांच्यासमोर पुन्हा मारली.

आता तुझं काम. तू पाठवलेले तीन फोटो मी खूप वेळ बघितले. बिलांचा जो थर तू भोपळ्याच्या सावलीसारखा पसरवला आहेस तो फार चांगला आहे, त्याला हात लावू नकोस. भोपळ्याचे तुकडे तू ग्लू गननं, म्हणजे वितळलेला गोंद सोडणाऱ्या बंदुकीनं, लावलेत, कडेला त्याचे पांढुरके थेंब दिसतात. मिरजेच्या एप्रिलमध्ये तो गोंद मऊ पडेल आणि तुकडे सुटतील. हे झालं टिकण्याचं. मला त्याहून जास्त खटकतं ते हे, की भोपळा गोल आणि कॅनव्हास सपाट. गोल वस्तू सपाटीवर दोन-तीन ठिपक्यांवरच टेकते. तू ती पोकळी गोंदानं भरून काढलीस.

तुमच्या दुकानात हीच अडचण रोज सोडवली जाते. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेला भोपळा कापतात, त्याच्या कडेला बसेल असा लाकडी गळा घडवतात, मग त्यावर दांडी. लाकूड भोपळ्यासारखं होत जातं, तेव्हा कुठे सरस लागतो. आणि सरस ऊब आणि ओल दिली की सुटतो, म्हणून पन्नास वर्षांचा तंबोराही उघडून दुरुस्त होतो. तुझ्या वडिलांच्या हातात हा सांधा आहे आणि तू बाजारातून बंदूक आणलीस. त्यांच्याकडून शिक. भोपळ्याच्या बाहेरच्या गुळगुळीत अंगाला गोंद धरत नाही, ते खरवडावं लागतं. आतली बाजू भरड असते, ती धरते. मग भोपळा पालथा लावायचा की उताणा, हा प्रश्नही वेगळ्या तऱ्हेनं सुटेल. तारांचंही बघ. सध्या त्या सैल आहेत, म्हणून त्या रेघा वाटतात. ताणल्यास तर बोर्ड ओढतील, मग बोर्डही त्या ताणाला पुरेल असा हवा. तो ताण मला तुझ्या चित्रात बघायचा आहे. घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती) आणि खुंट्या (तारा ताणायच्या) वापरायच्या की नाहीत ते तू ठरव. मी असते तर खुंटी वापरली असती आणि घोडी नसती वापरली.

पुढचं मोठं काम लगेच सुरू करू नकोस. प्लायचे एक-एक फुटाचे चार तुकडे घे. चारहींवर भोपळ्याचा तसाच तुकडा लाव : एकावर सरसानं, एकावर घडवलेलं लाकूड मध्ये घालून, एकावर तारेनं शिवून, आणि एकावर काहीही न लावता, नुसत्या दोन ताणलेल्या तारांमध्ये धरून. चारहींच्या पाठीवर तारीख आणि साहित्य लिही. जूनच्या पहिल्या पावसाआधी दुकानाच्या भिंतीवर टांग, जिथे वडिलांच्या येता-जाता नजरेला पडतील. दसऱ्याला खाली उतरव आणि मला फोटो पाठव. मागच्या बाजूचेही.